हातभर अंतर

ठिणगीने मुकादमाचं डोकं शीतखोलीच्या दारावर आपटलं, तेव्हा कारखान्यात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की या कामाला तिला चौदा वर्षं लागली. मुकादम खाली बसला, कपाळावरून रक्ताची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली आणि तिथून टपटप गळू लागली. ठिणगी मात्र परत आपल्या टेबलाशी गेली आणि अर्धवट राहिलेला मेंढीचा खांदा सोलून पुरा केला. तिला हाकलणार हे तिलाही ठाऊक होतं, पण हातातलं काम अर्धं टाकून जाणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या फळ्यावर होतं. अंगाने काडी, उंचीने टेबलापेक्षा थोडी वर, पण पेटायला वेळ लागायचा नाही, म्हणून ठिणगी. मांसाच्या त्या कारखान्यात आकड्यांना लटकलेल्या अर्ध्या-अर्ध्या मेंढ्या समोरून सरकत यायच्या आणि ठिणगीने प्रत्येकीच्या खांद्याचं चपटं हाड काढायचं, चाळीस सेकंदांत. उजव्या हातात वीतभर बारीक पात्याची सुरी. डाव्या हातात कोपरापर्यंत पोलादी कड्यांचा मोजा, कारण मांस धरणाऱ्या हाताकडेच सुरी येते. दिवसातून शंभरदा पातं त्या मोज्यावर खर्रकन घासायचं आणि थांबायचं.

आता गंमत अशी, की सुरी आली की मागे सरावं हे प्रत्येक हाताला जन्मतःच कळतं. ठिणगीचा डावा हात चौदा वर्षांत ते विसरून गेला. सुरी निसटली की तो पुढे व्हायचा आणि सरळ पातं धरायचा. घरी कांदा चिरताना दोनदा असं झालं आणि दोनदा टाके पडले. टाके घालणाऱ्याने विचारलं, बाई, पातं कोण धरतं? ती म्हणाली, सवय. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ठिणगीला त्याच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

वाजवावीशी वाटणं हे तिला नवं नव्हतं. तिच्या लहानपणी मार हा घरात पाहुणा नव्हता, घरचाच होता. बापाचा कमरेचा पट्टा दाराच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि तो हलला, की दोघी बहिणी पलंगाखाली. थोरलीने, म्हणजे ताईने, तेव्हाच ठरवलं की आपण आयुष्यात कुणाला मारायचं नाही. ठिणगीने ठरवलं की आपल्याला कुणी मारता कामा नये. दोन्ही निश्चय चांगलेच. पण धाकटीच्या निश्चयात एक फट राहून गेली. पुढे नवऱ्याने एकदाच हात उगारला. हिच्या हातात इस्त्री होती. तिने त्याचं कोपर मोडलं, आणि प्लास्टर निघाल्यावर तो जो गेला, तो भांडण अर्धवट टाकूनच. मागे उरल्या दोघी: ठिणगी आणि चार वर्षांची लेक.

मुकादमाच्या प्रकरणानंतर दहा दिवसांनी ठिणगीला इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं. पहिलाच दिवस, सकाळची पाळी, आणि आठ वर्षांच्या लेकीला आधी शाळेत सोडायचं होतं. बुटाच्या नाडीची गाठ पोरीला जमेना. आईने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. चौथ्यांदा हात बोलला. उघडा तळवा पोरीच्या डाव्या कानावर असा बसला, की ती कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली.

ठिणगीला त्यातलं एकच आठवतं, आणि ते विसरता यावं म्हणून तिने काय काय केलं असेल ते तिचं तिला ठाऊक. पोर रडली नाही. तिच्या कानातून एक लाल रेघ मानेवरून शाळेच्या सदऱ्याच्या कॉलरपर्यंत आली. आणि पोर खाली वाकून नाडीची गाठ मारू लागली. गाठ नीट बसली. बुटावर दोन थेंब पडले होते, ते तिने बोटाने पुसले आणि आईकडे पाहिलं, झालं का ते बघायला.

डॉक्टरला पोरीने सांगितलं की मी पडले. डॉक्टर म्हणाला, कानावर कुणी पडत नसतं. पडदा फाटला होता, मग आत पू झाला, आणि महिनाभराने डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं ते कायमचं. पोर ताईच्या घरी राहायला गेली. तिथे ती जेवताना, अभ्यासाला, टीव्हीसमोर, कुठेही बसली तरी डावी बाजू भिंतीला लावूनच बसायची. बहिऱ्या बाजूने कुणी आलेलं तिला चालायचं नाही.

सरकारी कचेरीतून एक बाई आली. तिच्या काखेत कायम फाइल असायची, म्हणून ठिणगी तिला फाइलवाली म्हणायची, अर्थात मनात. फाइलवालीने शांतपणे सांगितलं की पोर परत हवी असेल तर आरोग्य केंद्राच्या मागच्या झाडीत शनिवारी लाकूडकाम शिकवतात, तिथे जा. मन ठिकाणावर येण्यासाठी तो वर्ग काढलाय. बारा शनिवार. खाडा नाही, भांडण नाही. बारा भरले की पोरीबद्दल सुनावणी.

ठिणगी हसली. पोरीचा कान गेला आणि इलाज काय, तर चमचे कोरा. ही गोष्ट सांगणाराही या बाबतीत फार भाबडा नाही. झाडाखाली बसून राग जात असता, तर सगळे लाकूडतोडे संत झाले असते. पण अडला हरी, ठिणगी गेली.

झाडी म्हणजे तलावाच्या काठचं पाऊण एकर गचपण. वादळात पडलेलं वाळुंजाचं एक मोठं झाड तिथे आडवं होतं, आणि त्याचेच तुकडे करून पाच-सहा जण चमचे, पळ्या, वाट्या कोरत बसायचे. शिकवायला एक सत्तरीचा सुतार. उजव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं; उरलेली दोन करवतीने कधीच नेली होती. त्याने ठिणगीच्या हातात सुरी देण्याआधी नियम सांगितला.

"सुरीचा हात लांब कर आणि जागेवर गिरकी घे. त्या गिरकीत जेवढी जागा येईल तेवढ्यात दुसरा जीव नको. माणूस नको, मूल नको, कुत्रं नको. कुणाला आत यायचं असेल, तर तो बाहेर थांबून विचारेल, येऊ? तू सुरी खाली ठेवायची, मग ये म्हणायचं. नाही म्हणालीस तर तो येणार नाही. आणि दुसऱ्याच्या गिरकीत तूही तसंच जायचं."

ठिणगीने गिरकी घेतली, ती सगळ्यांकडे डोळे वटारत. पहिल्या दोन शनिवारी तिने लाकूड सोललं, ते मेंढीच्या खांद्यासारखं. सांधा शोधायचा, पातं घुसवायचं, हिसका द्यायचा. लाकडाला सांधा नसतो. तीन चमचे मधोमध चिरले, आणि डावा हात सुरीसमोर जायचा तो वेगळाच. सुतार दुरून म्हणायचा, डावा आवर, इथे पोलाद नाही. त्याने चामड्याचा मोजा पुढे केला. ठिणगीने तो तलावात फेकला.

तिसऱ्या शनिवारी चौथा चमचा मोडला आणि शेजारचा डायव्हर हसला. हा निवृत्त बसडायव्हर. एकदा एक सायकलवाला त्याच्या चाकाखाली आला, तेव्हापासून याचे हात थरथरायचे, आणि त्याचा चमचा फावड्यासारखा दिसायचा. तो सहज म्हणाला, वहिनी, चमचा करताय की हाडं काढताय? ठिणगीने शेजारची कुऱ्हाड उचलली, दोन ढांगांत त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या गुडघ्यापासून चार बोटांवर, ओंडक्यावर ठेवलेल्या त्या चमच्याचे दोन तुकडे केले. कुऱ्हाड ओंडक्यात रुतून राहिली. डायव्हरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

सुतार आला आणि थांबला. ठिणगीने मनातल्या मनात मोजलं: तिच्या हातापासून बरोबर चार बोटं बाहेर. म्हाताऱ्याने आयुष्यात अंतर तेवढं नीट शिकून घेतलं होतं.

"मोजणी परत एकपासून," तो म्हणाला.

ती म्हणाली, दोन तर भरलेत. तो म्हणाला, भरले होते. आणि वहीत तसं लिहून पुन्हा आपल्या ओंडक्यावर जाऊन बसला. त्या दिवशी ठिणगीने घरी जाऊन उशी फाडली, एक खुर्ची मोडली आणि भिंतीवर मूठ मारून दोन सांधे सुजवून घेतले. पुढच्या शनिवारी ती सुजल्या हाताने हजर होती. डायव्हरने विचारलं, येऊ? ती नाही म्हणाली. तो गेला. नाही म्हटल्यावर माणूस मुकाट्याने जातो, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवार भरत गेले. राग गेला असं कुणी समजू नये. धुलाईघरात तिने एकीच्या अंगावर ओल्या चादरींची बादली ओतली, वाटेत एका दुकानदाराची कॉलर धरली. जित्याची खोड ती. पण सहाव्या शनिवारी तिच्या हातून एक चमचा पुरा झाला. तो घेऊन ती घरी आली, दार लावलं आणि सहज, कसलाच विचार न करता, चमच्याचा हात लांब करून खोलीच्या मधोमध गिरकी घेतली. चमच्याचं टोक पलंगावरून गेलं, शेगडीवरून गेलं, कपाटाच्या कोपऱ्याला लागलं आणि पोरीच्या छोट्या खुर्चीच्या पाठीवरून गेलं. खोलीत गिरकीच्या बाहेरची जागाच नव्हती. पोर आठ वर्षं त्या गिरकीत जेवली, झोपली, अभ्यासाला बसली. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिला नाही म्हणायची सोय नव्हती. ठिणगी खाली फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. पोरीच्या कानाचं कळलं तेव्हाही ती रडली नव्हती.

अकरावा शनिवार आला. एक उरला होता. ठिणगी मोठी पळी कोरत होती आणि पोर परत आली की पलंग कुठे सरकवायचा याचा मनात हिशेब चालला होता. तेवढ्यात दाजी आले.

दाजी म्हणजे ताईचा नवरा, शाळेत कारकून. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. भाचीच्या कानात रोज थेंब घालायचे ते तेच. पण त्यांना झाडीतला नियम माहीत नव्हता. सुतार दुसऱ्या टोकाला ओंडका फोडत होता, त्याने हाक मारेपर्यंत ते सरळ चालत आत आले, ठिणगीच्या डाव्या अंगाला उकिडवे बसले आणि एक कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"पोर स्वतः म्हणाली, मला तिकडे जायचं नाही. कचेरीतल्या बाईंच्या समोर म्हणाली. आम्ही तिला कायमची ठेवून घेतो. तू इथे सही कर आणि मोकळी हो."

एवढं बोलून त्यांनी धीर द्यावा तसा तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ठिणगीच्या डोळ्यांपुढे काही आलं नाही, लाल नाही की काळं नाही. उजवा हात उठला. त्याला विचारावं लागत नसे. सुरी खालून वर, डावीकडे, दाजींच्या हनुवटीखालच्या मऊ जागेकडे निघाली. खांद्याचं हाड काढताना पहिला घाव जिथे घालतात तशी नेमकी. आणि चौदा वर्षं जे घडत आलं तेच घडलं. सुरी आली, तर डावा हात पुढे झाला आणि त्याने पातं धरलं.

खर्र असा आवाज आला नाही. तिला तेवढंच चुकल्यासारखं वाटलं. पातं तळव्यात शिरलं आणि हाडाशी जाऊन थांबलं. उजवा हात अजूनही जोर करत होता. डावा सोडत नव्हता. दाजी पाठीवर पडले, टाचांनी माती उकरत मागे सरकले. ठिणगी तिथेच बसून राहिली आणि तिचे दोन हात तिच्या छातीसमोर एकमेकांशी झुंजत राहिले. उजव्याने ओढलं, पातं आणखी आत गेलं, डाव्याने मूठ आणखी आवळली. बोटांच्या फटींतून रक्त मनगटावर, मनगटावरून कागदावर पडत होतं. सहीची जागा कुठली ते आता दिसत नव्हतं. तिचे दात असे आवळलेले होते, की एका दाढेचा टवका उडाला.

सुतार धावत आला. आणि चार बोटं बाहेर थांबला. सगळी झाडी ओरडत होती, त्याला पुढे जा म्हणत होती. तो गेला नाही.

"येऊ?" त्याने विचारलं.

ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं. या म्हणायचं तर आधी सुरी खाली ठेवावी लागते. तिला वाटलं की यात फार वेळ गेला. डायव्हर पुढे सांगायचा, दहा श्वास असतील.

"या," ती म्हणाली, आणि उजवी मूठ उघडली.

डायव्हरने आपला सदरा फाडून तिचा हात बांधला. त्याचे थरथरते हात त्या वेळी जरासुद्धा थरथरले नाहीत, आणि हे दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. सुताराने वही उघडली आणि लिहिलं: काम करताना सुरी लागली. ठिणगीने ते उलटं वाचलं.

"हात उठला होता तेही लिहा."

डायव्हर कळवळून म्हणाला, वहिनी, एकच शनिवार उरलाय, कशाला हात दाखवून अवलक्षण? सुताराने वही मिटली नाही. मग म्हणाला, लिहिलं तर मोजणी एकपासून.

"लिहा," ती म्हणाली.

तळव्यात सोळा टाके पडले. दोन शिरा तुटल्या होत्या. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं आता मिटायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सुनावणी तीन महिने पुढे गेली. ताई इस्पितळात आली, ती बहिणीला चार शब्द सुनावायच्या तयारीनेच. तीन दिवस दाजींनी अन्न नीट खाल्लं नव्हतं. पण त्यांनी बायकोला घडलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं: सुरी माझ्या गळ्याकडे येत होती आणि हिनेच ती धरली. ते पोरीने दाराआडून, चांगल्या कानाने ऐकलं. तिने एकच विचारलं, दुसऱ्या हाताने? आणि मग म्हणाली, मला तो हात बघायचाय.

फाइलवालीने परवानगी दिली, ती सगळ्यांच्या देखत आणि झाडीतच भेटायची. तेव्हा पुढच्या शनिवारी, मोजणीच्या पहिल्या दिवशी, ताई पोरीला घेऊन आली. ठिणगीच्या हाताशी सुरी नव्हती. सुताराने तिला घासकागद दिला होता, एका हाताने होईल तेवढं काम. पोर आडव्या वाळुंजाला डावी बाजू लावून उभी राहिली. चार महिन्यांत ती वाढली होती. नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या.

ठिणगी उठली. घासकागद खाली ठेवला, चालत गेली, आणि पोरीपासून आपल्या हाताभर अंतरावर, वर चार बोटं सोडून, थांबली.

"येऊ?"

पोरीने ताईकडे पाहिलं. ताईने मान वळवली. हे तिच्या हातातलं नव्हतं. डायव्हरने पोरीला मघाच झाडीचा नियम समजावला होता. पोरीने आपला हात लांब केला आणि जागेवर गिरकी घेतली. तिचं अंतर ते केवढंसं. आई त्याच्या बाहेरच उभी होती. पोरीने पुन्हा एकदा माप घेतलं.

"अजून नको," ती म्हणाली. "हात तिथूनच दाखव."

ठिणगीने बांधलेला हात वर केला. पोरीने तो बराच वेळ पाहिला. दुखतो का विचारलं. ठिणगी हो म्हणाली. कान दुखतो का, हे विचारायला तिच्या जिभेवर आलं होतं, पण ते विचारायचा हक्क आपल्याला अजून नाही असं तिला वाटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि होती तिथेच मातीत खाली बसली.

पोरीला सुताराने एक तासलेला तुकडा आणि घासकागद दिला. ती झाडाला टेकून घासू लागली. दर मिनिटाला मान वर करून बघायची, आई जवळ सरकली का. आई सरकलेली नसायची. मग दर पाच मिनिटांनी बघू लागली. ठिणगीचे पाय मुंग्यांनी बधिर झाले, टाके ठणकत होते, माशी नाकावर बसत होती. तिने नाक हलवलं, हात हलवला नाही.

तासाभराने ऊन पोरीच्या डोळ्यांवर आलं. तुकड्याच्या खळग्यात काहीतरी अडकलं होतं, ते नीट दिसावं म्हणून ती झाडापासून सुटली आणि उन्हाकडे पाठ करून वळून बसली. घासण्यात ती इतकी गुंगली होती, की आपण कशा बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही. डावी बाजू, बहिरा कान, आता भिंतीला नव्हता, झाडाला नव्हता. तो सरळ आईच्या बाजूला होता.

ताईच्या ते लक्षात आलं. ठिणगीच्याही लक्षात आलं. इथून ती उठून पुढे गेली असती तरी पोरीला पाऊल ऐकू आलं नसतं. मधे जेमतेम हातभर अंतर होतं.

ठिणगीने उजवा हात मांडीखाली दाबून घेतला आणि सुताराने वर्ग संपल्याचं सांगेपर्यंत ती जागची हलली नाही.